फुर्टवेंगलरच्या स्वतःच्या रचना ऐकायला सुरुवात कशी करावी

बीथोव्हेन किंवा ब्रुकनरच्या सिम्फनी ऐकू लागलेल्या माणसाला विल्हेल्म फुर्टवेंगलर हे नाव आज ना उद्या भेटतंच. बर्लिन फिलहार्मनिकचा कंडक्टर, जुन्या रेकॉर्डिंगमधला अंगावर येणारा बीथोव्हेन आणि नाझी काळात जर्मनी न सोडल्याचा वाद, एवढं बहुतेकांना माहीत असतं. याच माणसाने तीन सिम्फनी, पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी तासाभराहून मोठा कॉन्चेर्टो, दोन व्हायोलिन सोनाटा, एक पियानो क्विन्टेट (पियानो धरून पाच वाद्यांची रचना) आणि कोरससाठी ‘ते देउम’ हे लॅटिन स्तोत्र लिहिलं, हे मात्र वर्षानुवर्षं पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांच्याही कानावर आलेलं नसतं.

तो स्वतःला आधी रचनाकार मानायचा. रचनाकार म्हणून आपण बुडायच्या बेतात होतो, तेव्हा कंडक्टिंगच्या छपराखाली आसरा घेतला, अशा अर्थाचं त्याने आपल्या लहानपणच्या शिक्षकाला, लुडविग कुर्टिउसला, लिहिलं होतं. जगाने ज्याला शिखर मानलं, ते त्याच्या लेखी पावसापाण्याचा आडोसा होतं. हे वाचल्यावर मला त्याच्या रचना ऐकल्याशिवाय राहवेना.

मी पहिल्यांदा लावली ती दुसरी सिम्फनी, आणि तीही एका बैठकीत पुरी करायची म्हणून. ऐंशी मिनिटांचा तो पसारा मला झेपला नाही. पुढची दोन-तीन वर्षं मी त्या वाटेला फिरकलो नाही. नंतर दुसऱ्या एका छोट्या दाराने आत शिरलो आणि मग तिथेच रमलो. तुमची ती दोन-तीन वर्षं वाचावीत म्हणून हा क्रम लिहितो आहे.

आधी शोधायचं कसं

अडचण पहिल्याच मिनिटाला येते. यूट्यूबवर किंवा कुठल्याही संगीताच्या अ‍ॅपवर फुर्टवेंगलर लिहिलं की बीथोव्हेन, ब्राम्स आणि वाग्नरची शेकडो रेकॉर्डिंग समोर येतात, कारण त्या सगळ्यांवर कंडक्टर म्हणून त्याचं नाव आहे. त्याने लिहिलेलं संगीत त्या ढिगात खाली दबून जातं.

म्हणून नावापुढे रचनेचं नाव आणि तिचा सूर लिहा: ‘सिम्फोनिक कॉन्चेर्टो, बी मायनर’ किंवा ‘सिम्फनी २, ई मायनर’. नुसत्या सुरावर विसंबू नका, कारण पहिली सिम्फनी आणि कॉन्चेर्टो दोन्ही बी मायनरमध्येच आहेत. याहून खात्रीची युक्ती म्हणजे त्याच्या नावाला दुसऱ्या कंडक्टरचं नाव जोडणं. डॅनिएल बारेनबॉइम, ऑयगेन योखुम, वोल्फगांग सावालिश, आल्फ्रेड वॉल्टर यांपैकी एक नाव सोबत लिहिलंत की बीथोव्हेनची गर्दी हटते आणि हवं ते वर येतं. रोमन लिपीत त्याच्या नावातल्या ‘ए’वर दोन टिंबं असतात. ती देता आली नाहीत तर साधा ‘ए’ लिहा किंवा ‘ए’नंतर ‘ई’ जोडा.

फाइलची लांबीही बघून घ्या. दुसरी सिम्फनी पाऊण तासाची दिसली तर तिचे एक-दोन भाग गायब आहेत असं समजा. यूट्यूबवर हे फार होतं.

पहिली पायरी: फक्त एक अदाजो

सुरुवात करा सिम्फोनिक कॉन्चेर्टोच्या मधल्या भागापासून. ‘अदाजो सोलेन्ने’ हे त्याचं नाव. संथ आणि गंभीर. १९३७ साली म्युनिकमध्ये हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तेव्हा पियानोवर एडविन फिशर होता आणि ऑर्केस्ट्रापुढे स्वतः फुर्टवेंगलर. १९३९ साली याच दोघांनी बर्लिन फिलहार्मनिकबरोबर नुसता हा अदाजो स्टुडिओत रेकॉर्ड केला. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आसपासच संगीत मावायचं, त्यामुळे तासाभराचा पूर्ण कॉन्चेर्टो काढणं सोपं नव्हतं. दहा-बारा मिनिटांचा अदाजो मावण्याजोगा होता. आज नवख्या श्रोत्याला तोच उपयोगी पडतो.

जुन्या रेकॉर्डिंगची खरखर पहिलं मिनिटभर जाणवेल, मग कान सरावतो. हेडफोनपेक्षा खोलीतल्या स्पीकरवर लावा. मोनो आवाज कानाच्या आत कोंडण्यापेक्षा खोलीत पसरलेला बरा लागतो. रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर ऐका, कारण यातले हळू सुर खरोखरच हळू आहेत.

पियानोकडे लक्ष द्या. कॉन्चेर्टो म्हटलं की पियानोवाला पुढे सरसावणार, बोटांची करामत दाखवणार, अशी आपली अपेक्षा असते. फिशर इथे तसं काही करत नाही. ऑर्केस्ट्रा जे म्हणतोय त्यावर तो विचार करत बसल्यासारखा वाजवतो. कधी त्यांच्या वाक्याची शेपटी धरून पुढे नेतो, कधी त्यांच्या सुरांत मिसळून जातो. एका जागी सगळं भरून येतं आणि मग तसंच सावकाश ओसरतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते ओसरणं संपेपर्यंत खुर्चीतून उठलो नव्हतो.

आठवडाभर एवढंच ऐका. रोज एकदा. घाई नको.

दुसरी पायरी: लांबून ऐकायची सवय

हे संगीत कानात का बसत नाही, याचं एक साधं कारण आहे. फुर्टवेंगलर चटकन गुणगुणता येईल अशी धून हातात देऊन मोकळा होत नाही. तो एक छोटं बीज पेरतो आणि दहा-पंधरा मिनिटं ते वाढताना दाखवतो. मिनिटामिनिटाला ‘आता काय झालं?’ असं विचारत ऐकलं तर काहीच घडत नाहीसं वाटतं.

ही नजर त्याला मिळण्यात व्हिएन्नाच्या हाइनरिख शेंकर या संगीत-अभ्यासकाचा मोठा वाटा होता. बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीवरचं शेंकरचं पुस्तक फुर्टवेंगलरने तरुणपणी, ल्यूबेकमध्ये नोकरीला असताना वाचलं. पुढे दोघांची ओळख झाली आणि १९३५ साली शेंकर वारला तोपर्यंत ती टिकली. त्याच्याकडून उचललेली एक कल्पना फुर्टवेंगलरला फार मोलाची वाटायची, ती म्हणजे लांबून ऐकणं. समोरचा सूर ऐकताना वीस मिनिटांनी येणाऱ्या मुक्कामाची ओढ आतापासून जाणवली पाहिजे, असा तिचा अर्थ.

विलंबित ख्यालावर ज्याचा कान तयार झालाय त्याला हे समजावून सांगायला नको. आलापी सुरू असताना आपण गायकाला ‘चीज कधी येणार?’ असं विचारत नाही. वरचा षड्ज लागायला बराच वेळ आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्या वाटेत आपल्याला सुख असतं. दोन्हींची घडण अगदी वेगळी आहे. इथे राग नाही, ताल नाही आणि सगळं आधीच कागदावर लिहिलेलं आहे. पण वाट पाहायचा धीर तोच. तो तुमच्याकडे आधीपासून असेल तर पुढच्या पायऱ्या तुम्ही पटापट चढाल.

सरावासाठी एक करा. अदाजो तीनदा ऐका. पहिल्यांदा काहीच शोधू नका. दुसऱ्यांदा तो सगळ्यात उंच कुठे जातो तेवढं घड्याळात बघून ठेवा. तिसऱ्यांदा ती वेळ मनात धरून सुरुवातीपासून ऐका. चढण कुठून लागते हे तिसऱ्या खेपेला आपोआप कळतं.

तिसरी पायरी: त्याच्या तारखा समजून घ्या

या टप्प्यावर थोडं आयुष्य वाचलंत तर संगीत जास्त कळेल. जन्म १८८६, बर्लिन. वडील आडोल्फ फुर्टवेंगलर नावाजलेले पुरातत्त्वज्ञ. बालपण म्युनिकमध्ये गेलं. शाळेऐवजी खासगी शिक्षक होते, त्यांतलाच एक कुर्टिउस. रचना शिकला योसेफ राइनबेर्गर आणि माक्स फॉन शिलिंग्स यांच्याकडे. १९०६ साली, विशीत, त्याने म्युनिकमध्ये काइम ऑर्केस्ट्रासमोर पहिली मोठी मैफल केली. तिच्यात ब्रुकनरची नववी सिम्फनी होती आणि जोडीला स्वतःचा बी मायनरमधला एक लार्गो, म्हणजे अतिसंथ तुकडा. पोराला कंडक्टर म्हणून पहिली संधी मिळते आणि तो तिच्यात आपली रचना घालतो, यातच सगळं आलं.

१९१० साली ब्रेस्लाऊमध्ये त्याचं ‘ते देउम’ झालं. त्यानंतर रचनाकार फुर्टवेंगलर जवळजवळ गप्प झाला. ल्यूबेक, मानहाइम आणि १९२२पासून बर्लिन व लाइपझिग अशी कंडक्टरची कारकीर्द उंच चढत गेली आणि क्विन्टेटचे कागद वर्षानुवर्षं पडून राहिले.

मग १९३४ आलं. पाउल हिंडेमिथ या रचनाकाराच्या संगीतावर नाझी सत्तेने बंदी आणायला घेतली तेव्हा फुर्टवेंगलरने त्याच्या बाजूने वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला आणि डिसेंबरमध्ये त्याला आपली सगळी पदं सोडावी लागली. हाताशी मोकळे महिने आले. लांबलेल्या दुष्काळानंतर पाणी यावं तशा रचना आल्या: पहिला व्हायोलिन सोनाटा १९३५, कॉन्चेर्टो १९३७, मग दुसरा सोनाटा, मग पहिली सिम्फनी.

याच जागी वादाचंही नीट बोलायला हवं. १९३५मध्ये तो व्यासपीठावर परतला आणि युद्ध संपत येईपर्यंत जर्मनीतच वाजवत राहिला. अनेक ज्यू संगीतकारांना त्याने मदत केली हे खरं आहे, आणि त्या राजवटीने त्याच्या नावाचा, त्याच्या मैफलींचा वापर करून घेतला हेही तितकंच खरं आहे. १९४५च्या सुरुवातीला तो स्वित्झर्लंडला निसटला. डिसेंबर १९४६मध्ये बर्लिनमध्ये त्याची चौकशी झाली, त्यातून तो सुटला आणि मे १९४७मध्ये पुन्हा बर्लिन फिलहार्मनिकपुढे उभा राहिला. येहुदी मेन्युहिन या ज्यू व्हायोलिनवादकाने त्याची बाजू घेतली. उलट १९४९ साली शिकागो सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा त्याला बोलावणार म्हणताच अमेरिकेतल्या अनेक मोठ्या कलाकारांनी विरोध केला आणि तो बेत मोडला. माझ्या मते तो राहिला ही चूक होती. त्याच्या रचनांमधला काळोख मला त्या चुकीपासून वेगळा करता येत नाही, म्हणूनच त्या मी गंभीरपणे ऐकतो.

चौथी पायरी: दुसरी सिम्फनी, चार दिवसांत

ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी. ई मायनर, चार भाग, सुमारे ऐंशी मिनिटं. १९४५ साली स्वित्झर्लंडमध्ये पुरी झाली, तेव्हा व्यासपीठ नव्हतं, ऑर्केस्ट्रा नव्हता, देश बेचिराख झालेला होता. १९४८मध्ये बर्लिनमध्ये तिचा पहिला प्रयोग त्याने स्वतः केला.

मी केलेली चूक करू नका. ही चार बैठकांत ऐका आणि पहिल्या भागाने सुरुवात करू नका.

पहिल्या दिवशी दुसरा भाग, ‘अंदान्ते सेम्प्लिचे’. सेम्प्लिचे म्हणजे साधं, आणि तो खरंच साधा आहे, गाण्यासारखा चालतो. दुसऱ्या दिवशी तिसरा भाग, स्केर्त्झो. यात चपळाई आहे आणि ब्रुकनरची सावली उघड दिसते. हे दोन भाग ओळखीचे झाले की तिसऱ्या दिवशी पहिला भाग लावा. तो खालच्या, मळभ आलेल्या सुरांतून सुरू होतो आणि पंचवीसएक मिनिटं चालतो. तिथे दुसऱ्या पायरीवरचा सराव कामाला येईल. सुरुवातीची आकृती हातात घट्ट धरा, ती पुढे फार वेशांत भेटते. चौथ्या दिवशी शेवटचा भाग. तो सगळ्यात लांब आहे, अर्ध्या तासाच्या जवळ जातो. संथ प्रस्तावना, मग अनेकदा थबकत, मागे वळत, पुन्हा उठत अखेर ई मेजरच्या उजेडात पोहोचतो.

हा उजेड कमावलेला आहे की ओढून आणलेला, यावर ऐकणाऱ्यांचं एकमत होत नाही. मला तो कधी पटतो, कधी नाही. मधल्या काही जागा लांबल्या आहेत हे मात्र मान्य करायलाच हवं. दुसऱ्या कुणाच्या रचनेत तो ज्या सांध्यांवरून लीलया नेतो, तसे सांधे स्वतःच्या रचनेत त्याला कधीकधी सापडत नाहीत. ते प्रामाणिकपणे ऐकावं, झाकू नये.

रेकॉर्डिंग कोणतं? पहिल्यांदा बारेनबॉइमचं घ्या. २००१चं आहे, आवाज स्वच्छ आहे, एकेक वाद्य वेगळं कळतं. आणि ऑर्केस्ट्रा आहे शिकागो सिम्फनी, ज्यांच्याकडे फुर्टवेंगलरला १९४९मध्ये जाता आलं नाही तेच. मग त्याचं स्वतःचं, डिसेंबर १९५१मध्ये बर्लिनच्या डालेम भागातल्या येझुस ख्रिस्टुस चर्चमध्ये डॉइच ग्रामोफोनने केलेलं. ते संथ आहे, जड आहे, थोडं थकलेलंही. त्याहून गरम वाटतं ते व्हिएन्ना फिलहार्मनिकबरोबरचं १९५३मधलं मैफलीतलं रेकॉर्डिंग. तो गेल्यावर त्याच वर्षी, १९५४च्या डिसेंबरात, योखुमने बव्हेरियन रेडिओच्या ऑर्केस्ट्रासह केलेलं रेकॉर्डिंगही मिळतं. शेवटच्या भागातल्या चढणी योखुमइतक्या ताठ कण्याने कुणी चढलेल्या मी ऐकल्या नाहीत.

पाचवी पायरी: पूर्ण कॉन्चेर्टो आणि तिसरी सिम्फनी

आता अदाजोच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते ऐका. कॉन्चेर्टोचा पहिला भाग अर्ध्या तासाच्या घरात जातो, आणि अखेर टाळ्या मागणारा शेवट नाही. संगीत काळोखात विझत जातं. त्याने आणि फिशरने जानेवारी १९३९मध्ये बर्लिनच्या मैफलीत वाजवलेला पूर्ण कॉन्चेर्टो उपलब्ध आहे. आवाज चांगला हवा असेल तर पियानोवादक एरिक थेन-बेर्ग आणि कंडक्टर राफाएल कुबेलिक यांचं १९६३चं घ्या.

इथे मुंबईशी एक खरा धागा जुळतो. बारेनबॉइमने हा कॉन्चेर्टो लॉस एंजेलिस फिलहार्मनिकबरोबर वाजवला तेव्हा कंडक्टर होता मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता. त्याआधीची गोष्ट अशी की १९५४च्या उन्हाळ्यात साल्झबुर्गमध्ये अकरा वर्षांच्या बारेनबॉइमने फुर्टवेंगलरसमोर पियानो वाजवला आणि फुर्टवेंगलरने हे पोर म्हणजे अद्भुत आहे असं लिहून दिलं. बर्लिनला येऊन वाजव असंही बोलावणं होतं. वडील नको म्हणाले. ज्यू कुटुंबातल्या मुलाने बर्लिनला जायला तो काळ फार लवकरचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुर्टवेंगलर गेला. पुढे त्याच्या रचनांसाठी मोठ्या कलाकारांपैकी सगळ्यात जास्त कुणी केलं असेल तर त्याच मुलाने.

तिसरी सिम्फनी, सी शार्प मायनर, तो मरेपर्यंत लिहीत होता. भागांना त्याने नावं दिली होती. पहिला ‘नियती’, दुसरा ‘जगण्याची सक्ती’, तिसरा ‘पैलतीर’, चौथा ‘लढा चालूच’. चौथ्यावर त्याचं समाधान झालं नव्हतं. १९५६ साली योसेफ काइलबेर्टने बर्लिनमध्ये ती पहिल्यांदा वाजवली ती पहिले तीनच भाग घेऊन, आणि सावालिशनेही तीनच भाग रेकॉर्ड केले. तुम्हीही आधी तीन भागच ऐका. ‘पैलतीर’ संपल्यावर उरणारी शांतता हाच मला तिचा खरा शेवट वाटतो.

सहावी पायरी, पण सवडीने

व्हायोलिन सोनाटा, क्विन्टेट, पहिली सिम्फनी आणि ‘ते देउम’ पहिल्या वर्षी ऐकले नाहीत तरी चालेल. पहिला सोनाटा तासाभराचा, क्विन्टेट त्याहून लांब, आणि मूठभर वाद्यांवर एवढं ओझं टाकलं की ती दमतात. सोनाटांपैकी दुसरा, डी मेजरमधला, आधी घ्या. तो जास्त मोकळा श्वास घेतो. पहिली सिम्फनी त्याने १९४३मध्ये व्हिएन्नात तालमीला काढली आणि मागे घेतली. हयातीत ती लोकांसमोर आली नाही. तिच्या पहिल्या भागात विशीतल्या त्या लार्गोचं बीज आहे, एवढ्यासाठी तरी एकदा ऐकावी. आल्फ्रेड वॉल्टरचं रेकॉर्डिंग सहज सापडतं.

आणखी एक शंका हमखास येते: विसाव्या शतकाच्या मध्याला हा माणूस असं जुन्या वळणाचं का लिहीत होता? नवं त्याला ठाऊक नव्हतं म्हणून नक्कीच नाही. जुनी सुरव्यवस्था मोडणाऱ्या आर्नोल्ड शोनबेर्गच्या ऑर्केस्ट्रा व्हेरिएशन्सचा पहिला प्रयोग १९२८ साली त्यानेच बर्लिनमध्ये केला होता. ते संगीत हातातून गेल्यावरही स्वतः लिहायला बसला की त्याला सुरांचं घर लागायचं, परत येता येईल असं.

हे सगळं झाल्यावर त्याची एखादी ओळखीची तबकडी पुन्हा काढा. १९५२ साली लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर केलेला वाग्नरचा ऑपेरा ‘ट्रिस्टान’, किंवा १९५१च्या बायरॉइटमधली बीथोव्हेनची नववी. नववीच्या तिसऱ्या भागात, व्हायोलिनच्या वेलांट्या सुरू होतात तिथे, तो ऑर्केस्ट्राला किती सावकाश चालवतो बघा, आणि लगेच १९३९चा अदाजो लावा.